आंद्रियानचे नऊ कप

गावात कोणालाही विचारा, हारितिना कशी होती, तर म्हणतील तापट होती, तुसडी होती, शहाण्या माणसांपेक्षा वेड्यांत जास्त रमायची. सगळं खोटं. तापट मी आहे. हारितिना आयुष्यात मला एकदाच टोचून बोलली, तेही पाव घेता घेता, आणि त्या एका वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आता ती इथे राहत नाही. का गेली, याच्या पाच-सहा गोष्टी तुम्हाला दुकानासमोरच्या बाकावर ऐकायला मिळतील. मी भट्टीवाली, गावाचे पाव मीच भाजते, त्यामुळे त्या सगळ्या माझ्या कानावर आल्यात. एकाही गोष्टीत माझं नाव येत नाही, कारण सांगणाऱ्यांची नावं माझ्याच नावाच्या वर आणि खाली आहेत.

ती माझी कुमात्रा. माझ्या आंद्रियानला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने हातांवर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना नावाने हाक मारली नाही. सख्ख्या बहिणीशी भांडण चालतं, कुमात्राशी चालत नाही, कारण मध्ये देवासमोर धरलेलं मूल असतं. उंच बाई, खांद्यात वाकलेली, पायात बारा महिने नवऱ्याचे बूट. नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला, बूट तेवढे मागे राहिले. "माणसापेक्षा बूट बरे निघाले," ती म्हणायची, "निदान घरी तरी असतात."

टेकडीवर सरकारी निवास आहे. गाव त्याला नुसतं 'वरचं घर' म्हणतं. ज्यांना चालता येत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचं डोकं सावकाश चालतं, ज्यांना आईबापांनी दवाखान्यातच सोडून दिलं, अशी सव्वाशे माणसं तिथे राहतात. हारितिना तिथे आया होती, बत्तीस वर्षं. ती तिथे कशी लागली ते सांगायलाच हवं, कारण माझी लाज तिथूनच सुरू होते.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात निस्त्रु नदीच्या दोन काठांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. आमचा डावा काठ. बायका-मुलांना बाहेर काढायला एक बस आली आणि बसच्या दारात एक माणूस यादी घेऊन उभा राहिला. यादीत हारितिनाचं नाव होतं. माझं नव्हतं, कारण राहत मी इथेच असले तरी लग्नानंतर माझी नोंद पलीकडच्या काठावर, नवऱ्याच्या गावात गेली होती. कडेवर आंद्रियान, दहा महिन्यांचा, तापाने फणफणलेला. मी रडले, ओरडले, त्या माणसाला शिव्या दिल्या. तो म्हणाला, "बाई, यादीत नाही म्हणजे नाही." तेव्हा हारितिना खिडकीतून हे बघत होती. ती उतरली, मला खांद्याला धरून पायरीवर चढवलं आणि त्याला म्हणाली, "घे, ही हारितिना. आता यादी बरोबर आहे ना?" बस निघाली. ती रस्त्यात उभी होती, त्याच बुटांत.

गावात गोळीबार चालू, जायला दुसरं कुठेच नव्हतं म्हणून ती टेकडीवर चढली. वरच्या घरातला सगळा नोकरवर्ग पळून गेला होता आणि दारांना बाहेरून कुलपं होती. तिने दगडाने कुलपं फोडली. तीन आठवडे तळघरात त्या सव्वाशे लोकांना उकडलेला मका खायला घातला. लढाई थांबून नदीची सरहद्द झाल्यावर डायरेक्टर परत आला, तो तिला म्हणाला, आता राहाच. तर ती राहिली.

न्हाऊ घालायचं, चादरी बदलायच्या, भरवायचं. पगार नावापुरता, तरी रोज घरून खिसे भरून न्यायची, अक्रोड, चीजची पोळी, हिवाळ्यात बरणीतले टोमॅटो. मी म्हणायचे, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस."

"भाजतेस तू," ती म्हणायची, "मी नुसत्या पोचवते. चल, दोन पाव जास्तीचे टाक."

गावाला सगळ्यात हसू यायचं ते तिच्या बोलण्याचं. वरच्या प्रत्येकाला ती अहोजाहो करायची. मित्या म्हणून एक होता, चाळिशीला आलेला, शेळ्या राखायचा. सगळं गाव त्याला "ए मित्या" म्हणून हाक मारायचं, आणि ही भर रस्त्यात, "अहो दुमित्रु, बटण लावा, वारा आहे." पोरं तिच्या मागे नक्कल करत चालायची. मित्या बटण लावायचा. तो एक शब्द बोलला की पुढच्या शब्दाला वेळ लागायचा, थांबणारा थांबायचा, नसेल वेळ तो निघून जायचा. पण त्याच्या लक्षात मात्र सगळं राहायचं. कोणी कधी काय दिलं, कोणत्या रंगाचं, त्या दिवशी ऊन होतं की ढग.

हे लक्षात राहणं आम्हाला वर्षातून एकदा फार उपयोगी पडायचं. ईस्टर झाला की आठवड्याने, सोमवारी, ब्लाजिनी येते. आमच्या पितरांचा दिवस. अख्खं गाव दफनभूमीत जेवतं. थडग्याशेजारी टेबल मांडायचं, लाल अंडी, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, वाइन, आणि कोलाच, म्हणजे वेणीसारखा विणलेला गोल पाव. ते मी आदल्या तीन दिवसांत शंभरावर भाजते. कोलाचात मेणबत्ती खोचायची, सोबत टॉवेल आणि एक कोरा कप, आणि हे सगळं जिवंत माणसाच्या हातात ठेवून म्हणायचं, "माझ्या आईच्या आत्म्याला." घेणारा म्हणतो, "बोगदाप्रोस्ते," देव त्यांना क्षमा करो, की ते पोचलं. मग घेणारा वर्षभर त्या कपातून जे पिईल, ते तिकडे तुमचं माणूस पितं. शेजाऱ्याला दिलं तर तोही तुम्हाला देतो, फिट्टंफाट होते. ज्याला कोणी नाही त्याने घेतलं तर सरळ वर पोचतं, असं जुन्या बायका सांगतात. म्हणून त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वरची मंडळी खाली आणायची पद्धत. त्या एका दिवशी आमच्या गावाइतकं प्रेमळ गाव दोन्ही काठांवर सापडलं नसतं.

माझा आंद्रियान तेवीस वर्षांचा असताना मॉस्कोत बांधकामाच्या परांचीवरून पडला. चौथ्या मजल्यावरची परांची, दोर नव्हता. पेटी घरी आणली तेव्हा हारितिनानेच त्याला शर्ट घातला, माझ्याने झालं नाही. पुढच्या ब्लाजिनीला मी पहिला कप मित्याच्या हातात दिला. "आंद्रियानच्या आत्म्याला." त्याने कप उलटा करून बघितला, सरळ केला, आणि इतक्या सावकाश "बोगदाप्रोस्ते" म्हणाला की मला वाटलं, हे नक्की पोचलं. मग दर वर्षी त्यालाच. नऊ वर्षं, नऊ कप. वाटेत भेटला की स्वतःहून सांगायचा, "आंद्रियानने... आज... दूध प्यायलं." कोणी काही म्हणो, मला त्या दिवशी बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या काठावरून स्तेला नावाची बाई येऊ लागली. दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून काहीतरी काम काढलं होतं, वरच्यासारख्या घरांतल्या माणसांना गावात, चार-चार जणांच्या छोट्या घरांत राहायला आणायचं. तिकडे शिबिर होतं, हारितिना फेरीबोटीने नदी ओलांडून गेली. साठीच्या पुढची बाई, आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला वही-पेन दिलं. परत आली ती थेट भट्टीवर. पिठाच्या पोत्यावर बसली.

"कुमात्रा, तुझ्या दाराला आतून कडी आहे ना?"

"म्हणजे काय? नसेल का?"

"आमच्याकडे एकाही दाराला नाही. बत्तीस वर्षांत माझ्या लक्षात नाही आलं. ती बाई म्हणाली, माणसाला आपलं दार आतून लावता आलं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. मी तिथे बसल्या बसल्या रडायला लागले. लोकांना वाटलं दात दुखतोय."

तिच्या आईचं घर माझ्या घराला लागून रिकामं पडलं होतं. ते तिने देऊ केलं. चार जण ठरले, मित्या, चालता न येणारा पावलिक, बहिरा ओस्ताप आणि दुस्या, जी दिवसभर गुणगुणायची. डायरेक्टरने नाक मुरडलं पण सही केली. जिल्ह्याच्या ऑफिसने कागद घेतले, 'विचाराधीन' म्हणून ठेवले, मग वसंताच्या तोंडावर तोंडी हो म्हटलं. स्तेलाने रंग पाठवला, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला. हारितिनाने स्वतः भिंतींना चुना मारला, आणि चार खोल्यांना आतून चार कड्या.

मित्या शेळ्या सोडून रोज कडी बघायला यायचा. आत जायचा, कडी लावायचा. बराच वेळ काही आवाज नाही. मग कडी निघायची, तो बाहेर येऊन सांगायचा, "आत... मी होतो."

"आणि काय करत होतात?" हारितिना विचारायची.

"काही... नाही."

"मग बरं आहे. तसंच करायचं असतं."

मी पडदे शिवून दिले, पिवळ्या फुलांचे. एका रविवारी आम्ही सगळे त्या अंगणात जेवलो. भांडी घासताना हारितिना मला म्हणाली, "गाव कुजबुजतंय. पोरीबाळी, नदीकाठ, तिकडची बाई, काय काय. तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"शेजारीण मी आहे," मी म्हटलं, "अडचण झाली तर मला होईल. आणि मला होत नाही. कोण तोंड उघडतंय ते बघतेच मी."

तिने ओल्या हाताने माझा गाल ओढला. साठ वर्षांच्या बाईचा गाल कोणी ओढतं का? पण मला आवडलं होतं.

नवव्या दिवशी प्रोफिर आला. प्रोफिर गावचा सरकारी क्लब चालवतो, ध्वज लावतो, जिल्ह्याच्या ऑफिसात ऊठबस. मी भट्टीतून पाव काढत होते, कोपरापर्यंत पीठ. त्याने टेबलावर कागद पसरला. लिहिलं होतं की आम्ही खाली सह्या करणारे गावकरी मुलांच्या सुरक्षेच्या आणि सीमेलगतच्या शांततेच्या काळजीने विनंती करतो की अशा इसमांना वस्तीत आणू नये, आणि नदीपलीकडच्या संस्थांचा हेतू तपासावा.

"मी नाही करणार," मी म्हटलं. हे मी म्हटलं होतं. कोणाला सांगून उपयोग नाही, पण म्हटलं होतं.

"नको करूस ना," प्रोफिर म्हणाला. "जबरदस्ती कुठे आहे? फक्त बघ, तुझ्या गल्लीतले सगळे आहेत. मास्तर आहेत, नर्स आहे, तुझी भावजय आहे. तुझी एकटीची जागा रिकामी दिसते. आणि घर तर तुझ्या शेजारचं. वरती वाचणारा विचारणार, ही फेव्रोनिया कोण, हिचंच नाव कसं नाही? हिचा नवरा पलीकडच्या गावचा होता ना? भट्टीचा परवाना कधी संपतो तुझा?"

"परवान्याचा काय संबंध?"

"काहीच नाही. मी सहज विचारलं."

तुम्ही आमच्यात राहिला नसाल तर तुम्हाला हे कळायचं नाही. आम्ही सगळे त्या बसच्या दारात उभे राहिलेली माणसं आहोत. कागदावर काय लिहिलंय ते आम्ही वाचत नाही, आपलं नाव आहे की नाही ते बघतो. नाव नसलं की आधी ते घालायला धावतो, मग ती यादी पावाची असो, मतांची असो की फाशीची. मी हात पुसले. पेन त्याने टोपण काढूनच दिलं होतं. सही केली, सावकाश, नीट, शाळेत शिकवली तशी. तो गेल्यावर पाहिलं तर पुढची खेप भट्टीत करपली होती.

मी स्वतःला सांगितलं, असल्या कागदांनी काही होत नाही. जिल्ह्याच्या ऑफिसने असले हजार कागद गिळले असतील.

या वेळी नाही गिळला. तीन आठवड्यांत उत्तर आलं, परवानगी देता येत नाही, आणि उत्तराला जोडून ती यादी क्लबच्या फळ्यावर लावली. एकशे ब्याण्णव नावं. हारितिना फळ्यासमोर उभी राहून बोट ठेवून वाचत होती म्हणे, पहिल्यापासून. लोक तिच्या मागून जात होते, कोणी थांबलं नाही. माझं नाव एकशे सत्तेचाळीसावं.

संध्याकाळी ती भट्टीवर आली. मी शब्द जुळवत होते, परवाना, प्रोफिर, भावजय, सगळं. तिने एक पाव उचलला, खालून टकटक करून बघितला, नेहमी बघायची तसा.

"किती सुंदर अक्षर आहे गं तुझं, कुमात्रा," ती म्हणाली. "दुरून ओळखता येतं."

आणि गेली. मी मागे धावले नाही. मला राग आला होता, खरं सांगते, तिचाच. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, भांडण झालं असतं, रडलो असतो, मिटलं असतं. तिने मला तेवढीही जागा ठेवली नाही. दोन दिवस मी घरात भांडी आपटत तिच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी मला ती बस आठवली. म्हणजे विसरले नव्हतेच, पण त्या दिवशी ती पायरी आठवली, तिचा हात माझ्या खांद्यावर होता ती जागा. माझ्या लेकरासाठी जी यादीतून उतरली, तिचा मी यादीत राहायचं म्हणून केसाने गळा कापला. याला दुसरा शब्द नाही, मी शोधून पाहिला.

प्रोफिरकडे गेले. म्हटलं, माझं नाव काट.

तो हसला. "अगं बाई, नाव काढायला वेगळा अर्ज लागतो. कारण लिहावं लागतं. काय लिहिणार?"

मी परत आले.

स्तेलाला आमच्या काठावर यायचा पास मिळेना. तिने फोनवर हारितिनाला सांगितलं की आम्हाला फार वाईट वाटतंय, हा अनुभव आम्ही अहवालात नक्की लिहू. हारितिना म्हणाली, लिहा. डायरेक्टरने आपली मान सोडवून घेतली. हारितिनाला वॉर्डातून काढून कपडे धुण्याच्या खोलीत टाकलं, आणि ज्या चौघांमुळे बोभाटा झाला त्या चौघांची बदली लांब उत्तरेच्या मोठ्या निवासात केली. जिथे कुंपण दुहेरी आहे म्हणतात. ब्लाजिनीनंतरच्या बुधवारी न्यायचं ठरलं. माणशी एक पिशवी. हे ऐकून हारितिनाने राजीनामा दिला. त्याच निवासात धुण्याच्या खोलीत बाई हवी होती, तिथे निघाली.

त्या वर्षीही मी शंभरावर कोलाच भाजले. लोक घेऊन गेले, ताजे आहेत ना, म्हणून विचारत होते. आंद्रियानसाठी घेतलेल्या दहाव्या कपावर चेरी रंगवलेल्या होत्या.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. ट्रॅक्टर आला, वरची मंडळी उतरली, टेबलाटेबलांवरून हाका सुरू झाल्या, "ये गं इकडे, ये रे, घे." मित्या ट्रॉलीत नव्हता. तो मागून चालत आला, शेळ्यांचा चारा न्यायची हातगाडी ढकलत. सोबत हारितिना. ती फाटकाशी थांबली. तो आत आला.

गाडीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप होते. तो पहिल्यांदा प्रोफिरच्या टेबलाशी गेला, तिथे प्रोफिरची आई पुरलेली आहे. एक एक कागद सोडवला, तीन कप काढले आणि थडग्यावर ठेवले. "प्रोफिरची आई. निळा... दांडा तुटलेला... आणि हा." प्रोफिरच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. मित्या पुढच्या थडग्याकडे गेला. "मास्तरांचा... भाऊ. पाऊस होता." मग नर्सचा मुलगा. मग माझ्या भावजयीची आई. प्रत्येक कप ज्याचा त्याला. बोलणी बंद पडत गेली. शेवटी नुसता गाडीच्या चाकाचा आवाज उरला.

पाद्री धूप घेऊन फिरत होते, ते आडवे आले. म्हातारा माणूस, चांगला माणूस, यादीत एकशे तीन. म्हणाले, "बाळा, असं करू नये. दिलेलं परत देत नाहीत. त्यांचे पितर उपाशी राहतील."

मित्याने विचार केला. त्याला वेळ लागला आणि आज सगळे थांबले.

"घर... पण... दिलं होतं," तो म्हणाला.

त्यात राग नव्हता. खरंच तसं समजून घेतलं होतं त्याने, की गावात आता दिलेलं परत घ्यायची पद्धत सुरू झाली आहे, आणि आपल्याकडे लोकांच्या वस्तू राहायला नकोत. पाद्री बाजूला झाले.

मी फाटकाकडे धावले. "कुमात्रा, थांबव त्याला! पाप आहे हे! माझ्या आंद्रियानचे नऊ कप आहेत त्याच्याकडे. तुझा धर्मपुत्र आहे तो, त्याला तहानलेला ठेवशील?"

"मी सांगितलं होतं त्यांना, चार कप पिशवीत मावतील म्हणून," हारितिना म्हणाली. ती खूप थकली होती. "ते म्हणाले, कोणाचे चार ठेवू? आणि कोणाला सोडू? त्यांना ठरवता येईना. जा, कुमात्रा. ते तुझ्याकडे पोचलेत बघ. थडग्याशी कोणीतरी असावं."

मी परत गेले. त्याने आठ कप क्रॉसच्या पायाशी ओळीने मांडले होते, वर्षाच्या क्रमाने. मला क्रम आठवत नव्हता, त्याला होता. नववा हातात होता, हिरवा, गेल्या वर्षीचा.

"हा... धुतला नाही. सकाळी... आंद्रियानने चहा प्यायला. पाणी... आहे?"

"राहू द्या," मी म्हटलं. "राहू द्या हो, दुमित्रु. तुम्ही ठेवा हा. एक तरी ठेवा. मी तुमच्या पाया पडते."

इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अहो म्हटलं. त्याच्या ते लक्षात आलं असेल, त्याच्या सगळंच लक्षात येतं. त्याने कप दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. पण कप देताना कोणाच्या तरी आत्म्याचं नाव घ्यावं लागतं, ते त्याला पक्कं माहीत होतं. तो थांबला. त्याचं गेलेलं कोणी त्याला माहीत नाही, आई नाही, बाप नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, थडग्यांवरच्या नावांकडे, जी त्याला वाचता येत नाहीत.

"मित्याच्या... आत्म्याला," तो म्हणाला.

मी कप घेतला. तो वाट बघत उभा राहिला, कारण घेणाऱ्याने म्हटल्याशिवाय पोचत नाही. नऊ वर्षं तो मला न चुकता म्हणत आला होता. फाटकातून हारितिना बघत होती, सगळं गाव बघत होतं.

"बोगदाप्रोस्ते," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, कप दिल्यावर आम्ही हलवतो तशी, आणि गाडी उचलून पुढच्या थडग्याकडे गेला. गाडीत अजून बरेच कप होते.